एकतीस डिसेंबरला येऊ नका, सात जानेवारीला या

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. दहा-दहा वर्षं न बोललेले वर्गमित्र, पुण्याच्या मावशीचे शेजारी, डिप्लोमाला बरोबर असलेला आणि आता मुंबईत मोठ्या चॅनेलला असलेला एक जण. सगळ्यांची सुरुवात एकच. "अरे, तू थळचाच ना? एकतीसला एखादी खोली बघ ना. समुद्राजवळ. स्वस्तात."

मी पत्रकार आहे, लॉजवाला नाही. पण गावाकडच्या पत्रकाराला कुणी नाही म्हणू देत नाही. त्यामुळे वीस वर्षं मी खोल्या शोधून देतोय. आणि वीस वर्षं नाताळ ते एकतीसच्या आठवड्यात एकच बातमी देतोय. "पर्यटकांनी किनारे फुलले, वडखळ-अलिबाग मार्गावर वाहतूक कोंडी." खरं सांगायचं तर मागच्या वर्षीची फाइल उघडतो, तारीख बदलतो आणि पाठवतो. आजवर डेस्कवरून कुणी विचारलेलं नाही.

यंदा ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, पुण्याला असते. म्हणाली, "एकतीसला येतोय आम्ही. भावोजींना सुट्टी आहे."

मी म्हटलं, "ताई, एकतीसला येऊ नको. सात जानेवारीला ये. बुधवारी."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "का रे? पाहुणे नकोत का?"

तिला जे उत्तर दिलं तेच आज इथे सगळ्यांसाठी लिहितोय. जरा लांबलंय, पण ट्रिप ठरवायच्या आधी वाचा.

आधी ऑफ-सीझनबद्दल. आपल्याकडे ऑफ-सीझन म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गेटवे ते मांडवा लाँच बंद, समुद्र खवळलेला. ते खरंच. पण ऐन हिवाळ्यातही आमच्याकडे एक ऑफ-सीझन असतो, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. नव्या वर्षाचा पहिला रविवार संपला की सोमवारपासून किनारा रिकामा होतो. सोमवार ते गुरुवार इथे आम्ही, बोटी, कुत्री आणि उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी, एवढेच असतो. हवा मात्र वर्षातली सगळ्यात चांगली. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, अंगावर गोधडी लागते. दुपारनंतर वारा फिरतो, खारा वारा येतो. घाम नाही, चिकचिक नाही.

त्यात पौष. यंदा १८ जानेवारीला अमावस्या, तोपर्यंत पौषच आहे. पौषात आपल्याकडे लग्नं धरत नाहीत, म्हणजे वऱ्हाडंही नाहीत. खोल्या रिकाम्या, मिनीडोअरवाले रिकामे, खानावळीतल्या वहिनीला तुमच्याशी बोलायला वेळ.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१६च्या हिवाळ्यात ताई, भावोजी आणि भाची आले होते. भाची तेव्हा सात वर्षांची. शनिवारचा दिवस. त्यांना अलिबागला कुलाबा किल्ल्यात जायचं होतं. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मी बातमीत गुंतलो होतो. ताईने फोनवर वेळ विचारली. माझ्यासमोर टेबलावर भरती-ओहोटीचा तक्ता होता. सोमवारी एका कार्यक्रमासाठी लागणार म्हणून आणून ठेवलेला. मी सोमवारचीच ओळ वाचली आणि ठोकून दिलं, "पावणेएकला पूर्ण ओहोटी. बाराला निघा, आरामात दोनपर्यंत परत या."

ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी पावणेएक म्हणजे शनिवारी अकराच्या सुमारास. ते बाराला निघाले तेव्हा घोट्याइतकं पाणी होतं. त्यांना वाटलं ओसरतंय. खरं तर ते भरत होतं. वर सप्तमीची भांगाची ओहोटी, म्हणजे मुळातच पाणी पूर्ण मागे न जाणारी.

पावणेदोनला ते किल्ल्यातून उतरले तेव्हा पाणी भावोजींच्या मांडीला लागत होतं. अर्ध्या वाटेत कमरेला. शेवटच्या घोडागाडीवाल्याने त्यांना पाहिलं आणि ओरडला, "ओ साहेब, पानी भरतंय, दिसत नाय काय? पोरीला वर घ्या!" त्याने गाडी वळवून परत आणली. भाचीला उचलून गाडीत घातलं, ताई दांडीला धरून आली. भावोजींचा फोन आणि कॅमेरा गेला. बाकी काही गेलं नाही.

संध्याकाळी ताई मला एक शब्द बोलली नाही. भाचीच तेवढी म्हणाली, "मामा, तुला तर सगळं माहीत असतं ना?"

त्या वर्षाआधी आणि नंतरही मी कितीतरी बुडाल्याच्या बातम्या दिल्या आहेत. प्रत्येक बातमीत आम्ही लिहितो, "पर्यटकांनी स्थानिकांच्या सूचनांकडे दुर्लक्ष केले." त्या शनिवारी स्थानिक मीच होतो आणि सूचनाही माझीच होती. तेव्हापासून ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या थळच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नाखवांकडे गेलो. पत्रकारितेच्या डिप्लोमात न शिकवलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत शिकवली. किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात ती माहीत असते, मलाच नव्हती. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि सव्वासहा तास नंतर ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पुनवेला-अवसेला बाराच्या आगेमागे भरती, ते उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं.

हा अंदाज आहे. ट्रिपचे दिवस ठरवायला पुरतो. पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचा छापील तक्ता बघायचा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचं. नाखवा म्हणाले होते, "कालनिर्नय भितीवर टांगलाय ना तुज्या? मग बग की त्यात. सुट्टी कवा हाय ते बगतूस, तिथी बगत नाय."

म्हणून ताईची यंदाची ट्रिप मी सुट्ट्या बघून आखली नाही, पंचांग बघून आखली. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सगळं देतो.

३ जानेवारीला शनिवारी पौर्णिमा आहे. तो शनिवार-रविवार गर्दीचा, सोडून द्या. ६ तारखेला मंगळवारी अंगारकी आहे. निम्म्या घरांत उपास. मासे खायला येणाऱ्याने त्या दिवशी येऊन काय करायचं? म्हणून बुधवार ७ ते शुक्रवार ९. बुधवारी पंचमी, गुरुवारी षष्ठी. पाऊणचा हिशेब लावला तर गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या आसपास ओहोटी येते. म्हणजे उजेडात, उन्हं चढायच्या आत किल्ला बघून परत. ओहोटीच्या तासभर आधी आत शिरायचं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर पडायचं. भांग जवळ आल्यामुळे पाय ओले होतील, ते धरूनच चाला. जास्त पाणी दिसलं तर किल्ला पुढच्या वेळी. तो तीनशेहून जास्त वर्षं तिथेच उभा आहे, कुठे जात नाही.

ज्यांना किल्ल्यापेक्षा नुसता मोकळा किनारा हवाय त्यांनी १९ ते २१ जानेवारी धरा. अमावस्या नुकतीच झालेली, उधाणाची ओहोटी सूर्यास्ताच्या सुमारास. पाणी इतकं आत जातं की थळच्या किनाऱ्यावरचे काळे खडक उघडे पडतात. २२ला गुरुवारी माघी गणेश जयंती, आणि २४ ते २६ शनिवार-रविवार-सोमवार जोडून सुट्टी. त्या तीन दिवसांत आलात तर वडखळला गाडीत बसून माझी ही पोस्ट परत वाचाल.

यायचं कसं? मुंबईकरांनी शक्यतो गाडी आणू नये. गेटवेवरून मांडव्याला लाँच आहे, पुढे अलिबागपर्यंत बस, तिथून थळला मिनीडोअर किंवा एसटी. गाडी हवीच असेल तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. ताई पुण्याची, तिला पेण-वडखळ-पोयनाड-कार्लेखिंड याच रस्त्याने यावं लागतं. एकतीसला त्या रस्त्यावर जेवढा वेळ जातो त्यात माणूस पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेल. बुधवारी सकाळी निघालात तर जेवायला घरी.

आता थळच का, असं कुणी विचारेल. थळ म्हटलं की बाहेरच्या लोकांना आरसीएफचा खत कारखाना आठवतो. खरंय, तो आहे, त्याच्या चिमण्या दिसतात. आमचा किनारा पोस्टरवरचा नाही. वलांडीवर बोंबील वाळत असतात, वास येतो. पण समोर समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात आमचं खांदेरी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकडून तिथे तटबंदीचं काम सुरू केलं. इंग्रज आणि सिद्दी दोघांनी अडवायचा प्रयत्न केला. इंग्रजांची गलबतं मोठी, मराठ्यांच्या होड्या छोट्या. त्या छोट्या होड्या रात्री वारा-पाणी बघून पहाऱ्यातून निसटत आणि बेटावर रसद पोहोचवत. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली, पण खांदेरीचं काम इंग्रज थांबवू शकले नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात हे आरमाराचं प्रकरण म्हणून येतं. मला त्यात भरती-ओहोटीचा हिशेब पाठ असलेली किनाऱ्यावरची माणसं दिसतात.

खांदेरीला थळहून होडीने जातात. वर वेताळाचं मंदिर आहे, कोळ्यांचं श्रद्धास्थान. १८६७चं दीपगृह आहे. दगड मारला की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे, त्याच्यापुढे पोरं तासभर हलत नाहीत. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं. होडी आणि परवानगीची चौकशी आदल्या दिवशी करा. वारा जास्त असेल आणि नाखवा नाही म्हणाला तर दुप्पट पैसे देऊन दुसरी होडी शोधू नका. त्याला पैसे नको असतात म्हणून तो नाही म्हणत नाही.

खायचं काय? जानेवारीत वालाच्या शेंगा येतात, म्हणजे पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, हवी तर अंडी नाहीतर चिकन. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. रेस्टॉरंटच्या मेन्यूवर शोधू नका, आदल्या दिवशी घरमालकाला सांगा. पांढरा कांदा, ज्याला २०२१ मध्ये जीआय मिळालं, तो जानेवारीत अजून शेतातच असतो. रस्त्यात "अलिबागचा पांढरा कांदा" म्हणून माळा दिसल्या तर घेण्याआधी दोन प्रश्न विचारा.

इथपर्यंत ट्रिप झाली. पण ताईला मी हे सगळं सांगितलं ते नुसतं तिच्या सोयीसाठी नाही.

आमच्या आळीत एक वहिनी आहे. बचत गटाचं कर्ज काढून तिने वाडीत दोन खोल्या बांधल्या. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. तिने वही दाखवली. शनिवार-रविवार भरलेले, एकतीसला तर माणूस व्हरांड्यात झोपलेला. सोमवार ते शुक्रवार पानं कोरी. ती म्हणाली, "भाऊजी, एकतीसला मी चौपट भाव घेते. आवडत नाय मला. पन जानेवारीचा हप्ता त्यातनंच काढायचा असतो. त्या रात्री लोक काय काय करतात ते मी सांगत नाय तुम्हाला. पोरींना मी माहेरी पाठवते."

मग जरा थांबून म्हणाली, "बुधवारी दोन मानसं आली, हजार-बाराशे दिले, साधं जेवली, तरी माझा महिना निघंल. नायतर वाडी द्यावी लागंल."

वाडी द्यायची म्हणजे कुणाला, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वाडी गेली की भिंत येते, भिंतीला फाटक येतं, फाटकावर वॉचमन येतो. आणि ज्या पायवाटेने आम्ही लहानपणी समुद्रावर जायचो ती वाट फाटकाच्या आत जाते. मग पुढच्या डिसेंबरला तुम्ही मला फोन करून विचाराल, "स्वस्तात एखादी खोली बघ ना," तेव्हा खोलीही नसेल आणि वहिनीही नसेल.

म्हणजे तुमच्या ट्रिपचा वार शनिवार की बुधवार, यावर या गावातलं एखादं घर टिकतं की नाही हे ठरतं. मी फुगवून सांगत नाहीये. ती वही मी बघितली आहे.

तुम्ही म्हणाल, हे तू पेपरात का नाही लिहिलंस? बरोबर आहे. आमच्यासारख्या तालुका पातळीवरच्या पत्रकाराचं घर पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. डिसेंबरच्या पुरवणीत जाहिराती कुणाच्या असतात? "नववर्षाचे स्वागत करा समुद्रकिनारी" म्हणणाऱ्यांच्या. त्याच पुरवणीत "एकतीसला येऊ नका" कोण लिहिणार? वीस वर्षं मी लिहिलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. मीच विषय सुचवला नाही.

सगळ्यांना बुधवारी येता येत नाही, हेही कळतं. शाळा आहे, नोकरी आहे, रजा मिळत नाही. ज्याला वर्षात एकच रविवार मिळतो त्याने रविवारी यावं, त्याला कुणी बोलू नये. पण निवृत्त झालेले, घरून काम करणारे, मुलं मोठी झालेले, दुकानाला मंगळवार-बुधवार सुट्टी असणारे, असे कितीतरी जण निव्वळ सवयीने एकतीसला गर्दीत येतात. ही पोस्ट त्यांच्यासाठी.

येताना चार गोष्टी पाळा. गाडी वाळूवर घालू नका. भरतीत रुतलेल्या गाडीची बातमी मी दरवर्षी देतो, आणि त्याच वाळूच्या वर बायका मासळी वाळत घालतात. बाटल्या आणल्या तशा परत न्या. भाव जास्त पाडू नका. आणि समुद्राबद्दल माझ्यासारख्या पत्रकाराला फोनवर विचारू नका, किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्याला समोर जाऊन विचारा.

ताईचं शेवटी काय झालं ते सांगतो. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "भावोजींची रजा बघते. हिचं अकरावी आहे, पण अकरावीला कोण हजेरी घेतं?" मग मागून भाचीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, मला माहीत नव्हतं.

"मामा, ओहोटी किती वाजता आहे?"

मी म्हटलं, "गुरुवारी पावणेअकराच्या सुमारास. पण माझ्यावर जाऊ नको. तक्ता पाठवतो, तू स्वतः वाच. तारीख नीट बघ."

ती म्हणाली, "बघितलीये. आठ जानेवारी, षष्ठी. सहा पाऊण साडेचार. बरोबर?"

बरोबर आहे. वहिनीच्या वहीत सात ते नऊ लिहून टाकलंय. तिची दुसरी खोली त्या तीन दिवसांत अजून रिकामी आहे. कुणाला हवी असेल तर सांगा. यंदा खोली मी आनंदाने शोधून देईन.